वाचकांचे प्रश्न : ताकेदा किल्ल्याच्या वाटेवर

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो आणि येत्या नोव्हेंबरात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. ढगांच्या समुद्रातून वर आलेल्या ताकेदा नावाच्या डोंगरी किल्ल्याचे छायाचित्र पाहिल्यापासून तेथे जाण्याची माझी फार इच्छा आहे. मुलाचे म्हणणे असे की, तेथे इमारत म्हणून एकही उरलेली नाही, नुसते दगडी तट आहेत, धुके पडेलच याचीही खात्री नाही, तेव्हा त्यापेक्षा हिमेजीचा किल्ला पाहून परत यावे. मी तरुणपणापासून सह्याद्रीतील गड हिंडलो आहे. एवढी खटपट करून ताकेदाला जावे का, आणि गेल्यास नेमके काय पाहावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र केवळ धुक्यासाठी जाऊ नये. धुके दिसले तर ते आपले भाग्य. पण किल्ला पाहणे हे त्याहून वेगळे काम आहे, आणि ते काम धुके नसलेल्या दिवशी अधिक चांगले होते.

आपल्या मुलाने सांगितलेली एक गोष्ट अगदी खरी आहे. ताकेदाच्या माथ्यावर आज छप्पर असलेली एकही जुनी वास्तू नाही. जे आहे ते तट, चौथरे, प्रवेशमार्ग आणि त्यांच्यामधली मोकळी जमीन. ह्योगो प्रांतातील आसागो या गावाच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून 353.7 मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर, उत्तर-दक्षिण सुमारे 400 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 100 मीटर एवढ्या पसाऱ्यात ही सारी रचना बसवलेली आहे. सह्याद्रीच्या मापाने हा किल्ला लहान आणि बुटका वाटेल, परंतु त्याची मांडणी पाहून राजगड पाहिलेल्या माणसाची पावले थबकतील. राजगडाला जसा मधोमध बालेकिल्ला आणि त्याला फुटलेल्या तीन माच्या, तसाच येथे सर्वांत उंचावर होनमारू हा मुख्य भाग आणि त्यापासून उत्तरेला, दक्षिणेला व वायव्येला उतरत गेलेले तीन हात. उत्तरेचा किता-सेन्जो आणि दक्षिणेचा मिनामी-सेन्जो हे दोन विस्तीर्ण चौथरे जवळजवळ सारख्याच उंचीवर आणलेले आहेत. डोंगराची धार मुळात अशी समतोल असणे शक्य नाही; तेव्हा ती कापून, भरून, तटांनी बांधून काढण्यात किती मजूर आणि किती विचार खर्ची पडला असेल, हे तेथे उभे राहिल्यावर उमगते.

तट पाहताना घाई करू नये. हे तट चुना न वापरता रचलेले आहेत आणि त्यांतील बहुतेक दगड घडीव नाहीत. निसर्गात जसे मिळाले तसे उचलून, कोणत्या दगडाचा कोणता चेहरा बाहेर आणि कोणती बाजू आत जाईल हे ठरवून ते बसवलेले आहेत. ही कला ओमी प्रांतातील, म्हणजे आजच्या शिगामधील, आनो गावच्या पाथरवटांची म्हणून प्रसिद्ध आहे आणि ताकेदाची बांधणीही त्यांच्याच पद्धतीची मानली जाते. तटाच्या दर्शनी दगडांमागे लहान दगडांची जाड भर असते. पावसाचे पाणी त्या भरावातून झिरपून बाहेर पडते, त्यामुळे आतला दाब वाढून तट फुगत नाही. कोपऱ्यांपाशी थांबून वरपासून खालपर्यंत नजर फिरवावी. तेथे लांबट दगड एका थरात एका बाजूला आणि पुढच्या थरात दुसऱ्या बाजूला असे आलटूनपालटून घातलेले दिसतील. पुढील काळातील किल्ल्यांत याच पद्धतीचे दगड काटकोनात घडवून इतके नेमके बसवलेले आहेत की कोपरा सुरीने कापल्यासारखा दिसतो. ताकेदाला ही पद्धत अजून पूर्ण पिकलेली नाही, आणि एक तंत्र घडत असताना कसे दिसते ते म्हणूनच येथे पाहायला मिळते. चारशे वर्षांचा पाऊस, बर्फ आणि भूकंप सोसून यातील बराचसा भाग टिकलेला आहे, ही गोष्ट कोणत्याही छायाचित्रापेक्षा मला मोलाची वाटते.

पर्यटकांसाठी आखलेली वाट एकेरी आहे. उत्तरेकडच्या मुख्य दरवाजाच्या जागेतून आत शिरून किता-सेन्जो, तेथून सान्नोमारू, निनोमारू असे एकेक टप्पा चढत होनमारूला पोहोचायचे आणि मग दक्षिणेच्या बाजूने उतरायचे, असा तिचा साधारण क्रम आहे. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी वाट सरळ आत जात नाही, ती काटकोनात वळते. ते वळण ओलांडताना मान वर करून पाहावे, म्हणजे आत घुसणाऱ्या सैन्यावर किती बाजूंनी मारा करता येत असे ते ध्यानात येईल. गोमुखी दरवाजे पाहिलेल्या आपल्यासारख्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. होनमारूच्या मधोमध मुख्य मनोऱ्याचा चौथरा आहे. त्याच्यावर जाण्यासाठी मुळात दगडी पायऱ्या नव्हत्या. शेजारच्या वाड्यातून आतल्या आत वर जाण्याची सोय असावी, असे मानतात. तेथून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे मिनामी-सेन्जोचे तट पायांखाली पसरलेले दिसतात, आणि या किल्ल्यावरचे माझ्या मते सर्वांत देखणे दृश्य तेच आहे.

आता धुक्याविषयी. आपण पाहिलेले छायाचित्र किल्ल्यावरून काढलेले नाही. ते समोरच्या आसागो पर्वताच्या उतारावरील रित्सुउन्क्यो नावाच्या ठिकाणाहून काढलेले असणार. मारुयामा नदीच्या एका अंगाला किल्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला रित्सुउन्क्यो अशी ही रचना आहे. किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला खाली पांढरा समुद्र दिसेल, पण त्या समुद्रावर तरंगणारा किल्ला दिसणार नाही, कारण तो स्वतःच त्यावर उभा असेल. ही साधी गोष्ट आधी न कळल्यामुळे अनेकांची पहाट चुकीच्या डोंगरावर जाते. रित्सुउन्क्योला प्रेक्षणाची तीन स्थाने आहेत. त्यांपैकी पहिल्या क्रमांकाचे सर्वांत उंच असून तेथे पोहोचायला खरी चढण आहे. अंधारात चढायचे असल्याने डोक्याला बांधायचा दिवा आणि चांगले बूट बरोबर असावेत. या परिसरात अस्वलांचा वावर असतो, म्हणून स्थानिक सूचनाफलक वाचावेत आणि एकट्याने जाऊ नये.

धुके मुख्यतः सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पडते, म्हणजे आपला नोव्हेंबर अगदी योग्य आहे. आदला दिवस उबदार, रात्र निरभ्र आणि थंड, आणि पहाटे वारा जवळजवळ नाही, असा योग जुळून यावा लागतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, दरीतली हवाही थंड होऊन तळाशी साचते, नदीचे पाणी मात्र अजून कोमट असते, आणि त्याची वाफ त्या थंड हवेत निवून बारीक जलकणांचे धुके बनते. सूर्य वर आला की ते विरू लागते. आठ वाजेपर्यंतचा वेळ हाताशी आहे असे धरून चालावे. नोव्हेंबरात तेथे सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. ओसाकाहून पहाटेच्या गाडीने निघून ही वेळ साधता येणार नाही, म्हणून आदल्या रात्री ताकेदा किंवा शेजारच्या वादायामा येथे मुक्काम करावा आणि पहाटेसाठी टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. पहाट रित्सुउन्क्योला घालवून, खाली उतरून, न्याहारी करून सकाळच्या उन्हात किल्ला चढावा, हा क्रम मला सर्वांत चांगला वाटतो. धुके न पडल्यास दुःख करू नये. किल्ला तेव्हाही जागेवरच असतो आणि त्याचे दगड स्वच्छ दिसतात.

हिमेजीहून बानतान मार्गाने तेरामाएपर्यंत विजेची गाडी जाते, तेथे डिझेलच्या गाडीत बसून ताकेदा स्थानकावर उतरावे. जोडगाडी वेळेवर मिळाल्यास सुमारे दीड तास लागतो, पण गाड्या थोड्या आहेत, तेव्हा वेळापत्रक हाताशी ठेवूनच बेत आखावा. ओसाकाहून हिमेजीमार्गे जाणारी हामाकाझे ही जलद गाडी वादायामाला थांबते आणि तेथून ताकेदा एकच स्थानक मागे आहे. हिमेजी वाटेतच असल्यामुळे मुलाचे आणि आपले दोघांचेही म्हणणे एकाच प्रवासात पूर्ण होईल. फक्त दोन्ही किल्ले एका दिवसात उरकू नयेत. माथ्यावर स्वच्छतागृह नाही, हे चढण्यापूर्वीच लक्षात असू द्यावे. शरद ऋतूत किल्ला पहाटे चारपासून उघडतो आणि प्रवेशासाठी प्रौढांना 500 येन पडतात. वेळा ऋतूनुसार बदलतात आणि शुल्कातही बदल होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी आसागो नगरपालिकेची ताजी सूचना मुलाकडून वाचून घ्यावी. 4 जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत किल्ला बंद असतो.

---

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. हिमेजीचा किल्ला जसाच्या तसा उभा आहे आणि ताकेदाचे मात्र जोतेच उरले, असे का झाले? तो कोणी जाळला की पाडला? आणि एवढे पर्यटक येतात, तर जपानी लोक तो पुन्हा बांधत का नाहीत?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या मृत्यूशी जोडलेले आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

परंपरेनुसार या किल्ल्याची उभारणी 1431 मध्ये सुरू झाली आणि 1443 मध्ये पूर्ण झाली. ताजिमा प्रांताचा सत्ताधीश यामाना सोझेन याने हारिमा आणि तान्बा या शेजारच्या प्रांतांच्या वाटा रोखण्यासाठी तो बांधवला आणि ओतागाकी घराण्याकडे सोपवला. हाच सोझेन पुढे 1467 साली पेटलेल्या ओनिन युद्ध या यादवीत एका पक्षाचा प्रमुख झाला. त्या काळचा किल्ला दगडी नव्हता. तो मातीचा होता, डोंगराच्या धारा तोडून आणि उतारावर उभे चर खणून केलेला. त्या चरांच्या खुणा आजही झाडीत सापडतात. 1577 मध्ये, पुढे सारा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हाशिबा हिदेयोशीच्या वतीने त्याचा धाकटा भाऊ हिदेनागा ताजिमावर चालून आला आणि ताकेदा पडला. 1580 च्या दुसऱ्या मोहिमेत ओतागाकींची सत्ता कायमची संपली. जवळच इकुनोची चांदीची खाण होती. केवळ नकाशावरचा एक डोंगर म्हणून नव्हे, तर त्या चांदीच्या वाटेवरचा पहारा म्हणूनही हा किल्ला मोलाचा होता, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास त्यांना एवढ्या खटाटोपाचे कारण पटेल.

शेवटचा किल्लेदार आकामात्सु हिरोहिदे 1585 मध्ये येथे आला. आज आपण पाहतो ते दगडी तट मुख्यतः त्याच्याच कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण कौल आहे. हिरोहिदे 22,000 कोकु (कोकु हे जमिनीचे उत्पन्न तांदळात मोजण्याचे माप) उत्पन्नाचा, म्हणजे तसा मध्यम प्रतीचा सरदार होता, आणि त्या मानाने हे तट फार मोठे आहेत. त्यामागे हिदेयोशीच्या सत्तेचे बळ असले पाहिजे, असे अनुमान म्हणूनच काढले जाते. या माणसाची दुसरी बाजू मला अधिक ओढ लावणारी वाटते. कन्फ्यूशियसच्या विचारांचा मोठा अभ्यासक फुजिवारा सेइका हा त्याचा स्नेही होता. हिदेयोशीने कोरियावर केलेल्या स्वारीत 1597 मध्ये कांग हांग नावाचा कोरियन विद्वान कैद होऊन जपानात आला, तेव्हा त्याच्याकडून अभिजात चिनी ग्रंथांच्या प्रती करवून घेण्याच्या कामाला हिरोहिदेने आश्रय दिला. कांग हांग 1600 मध्ये मायदेशी परतला. शत्रूच्या देशातून धरून आणलेल्या माणसाची विद्या ओळखून तिला मान देणारा सरदार त्या रक्तरंजित काळात होता, ही नोंद आपल्या वर्गात अवश्य सांगावी.

त्याच 1600 साली जपानची सत्ता कोणाकडे जाणार हे ठरवणारी सेकिगाहाराची लढाई झाली. हिरोहिदे आरंभी, तीत विजयी ठरलेल्या तोकुगावा इएयासूच्या विरुद्ध पक्षात होता. पक्ष हरल्यावर तो विजयी बाजूला आला आणि तिच्या वतीने तोत्तोरीच्या किल्ल्यावरील हल्ल्यात सामील झाला. त्या हल्ल्यात किल्ल्याखालचे गाव जळाले. त्याचा ठपका हिरोहिदेवर आला आणि इएयासूच्या हुकमाने त्याला पोट चिरून घेऊन मरावे लागले. सोबतच्या सरदाराने आपला दोष त्याच्या माथी मारला, असेही सांगतात. ताकेदा किल्ला यानंतर मोडीत काढण्यात आला. तो कोणी वेढा घालून जाळला नाही. धन्याविना त्याचे कामच संपले. लाकूड आणि कौले हलवली गेली किंवा कुजली, आणि दगड मागे राहिले. उत्खननात येथे छपराची कौले सापडलेली आहेत, त्यामुळे वर कौलारू इमारती होत्या एवढे नक्की.

हिमेजीचे नशीब नेमके उलटे निघाले. इकेदा तेरुमासाने तेथील आजचा भव्य मनोरा 1609 मध्ये पूर्ण केला, म्हणजे ताकेदा ओस पडल्यानंतर नऊ वर्षांनी. हिमेजी सपाट मुलखातील राजधानीचा किल्ला होता. तोकुगावांच्या नव्या राजवटीला कारभारासाठी तसे किल्ले हवे होते, डोंगरावरचे अवघड किल्ले नको होते. 1615 मध्ये एका सरदाराने एकच किल्ला ठेवावा असा हुकूम निघाला आणि 1873 मध्ये मेइजी सरकारने उरलेल्यांपैकी बहुतेक किल्ले निकालात काढले. या सर्वांतून आणि पुढच्या महायुद्धातील बाँबफेकीतून वाचून आज संपूर्ण जपानात जुने मूळ मनोरे फक्त 12 उरले आहेत. त्यांतील ओकायामाकडचा बित्च्यू मात्सुयामा हा एकच खरा डोंगरी किल्ला आहे. मूळ मनोरा आणि डोंगर दोन्ही एकत्र पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी तेथे जावे.

पुनर्बांधणीविषयी माझे मत ठाम आहे. ताकेदाच्या इमारती कशा दिसत होत्या हे सांगणारे खात्रीचे नकाशे किंवा चित्रे नाहीत. जपानमधील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांवर पुन्हा इमारत उभी करायची असेल, तर सरकारच्या सांस्कृतिक खात्याला तिचे पुरावे पटावे लागतात, आणि ताकेदा 1943 पासून असे स्थळ आहे. 1931 मध्ये ओसाकाचा आणि 1959 मध्ये नागोयाचा मनोरा काँक्रीटमध्ये उभारला गेला; त्या त्या शहराच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु ताकेदाच्या चौथऱ्यावर कल्पनेने रचलेला मनोरा उभा केला, तर खाली असलेले खरे दगड त्या खोट्या इमारतीचा नुसता पाया होऊन बसतील. आणखी एक गोष्ट आहे. किल्ला 1600 मध्येच सुटल्यामुळे पुढच्या अडीचशे वर्षांत कोणीही येथील तटांवर नवी डागडुजी, नवे दरवाजे, नव्या फॅशनची बांधणी चढवली नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात डोंगरी किल्ला कसा रचत असत, हे येथे जवळजवळ कोरे वाचता येते. विसाव्या शतकात ढासळलेल्या भागांची दुरुस्ती झाली आहे, पण आराखडा जुनाच आहे.

---

प्रश्न : आमच्याबरोबर माझे सासू-सासरे असतील. दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे असून सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना ताकेदा दाखवता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काही भाग नक्की दाखवता येईल. ताकेदा स्थानकाच्या मागून निघणारी चढाची पायवाट त्यांच्यासाठी नव्हे. तीवरून धडधाकट माणसालाही तासाच्या आसपास वेळ लागतो आणि ती उभी आहे. स्थानकावरून किल्ल्याच्या दिशेने बस सुटते. ती जेथे सोडते तेथून प्रवेशद्वारापर्यंत सुमारे वीस मिनिटांची चढाची सडक आहे. सासरे दमादमाने तेवढे चालू शकत असतील तर त्यांनी जावे. खरी अडचण त्यापुढे येते, कारण आतल्या पायऱ्या जुन्या, उंच-सखल आहेत आणि तटांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत. गुडघे दुखत असलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरताना अधिक त्रास होतो, म्हणून सासूबाईंनी आत न जाणेच बरे. 2013 च्या सुमारास येथे वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे येऊ लागली, तेव्हा जमिनीची इतकी झीज झाली की वाटेवर जाड चटया अंथराव्या लागल्या. त्या चटयांवरूनच चालावे, तटाच्या कडेवर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत आणि मुलांना दगडांवर चढू देऊ नये, हे घरातल्या सर्वांनाच सांगून ठेवावे.

सासूबाईंचा वेळ खाली गावात चांगला जाईल. स्थानकामागे डोंगराच्या पायथ्याशी ओळीने चार देवळे आहेत, त्यांच्यासमोरून लहानसा पाट वाहतो, आणि हा सारा रस्ता सपाट आहे. त्यांतील होजुजी या बौद्ध मंदिरात आकामात्सु हिरोहिदेचे स्मारक आहे. जवळच्या देवस्थानात सुमो कुस्तीचा आखाडा असून त्यासमोर प्रेक्षकांना बसण्यासाठी दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत. एकाने सासूबाईंबरोबर खाली थांबावे, दोघांनी वर जाऊन यावे आणि नंतर अदलाबदल करावी. सासूबाईंना किल्ल्याचे एकंदर रूप पाहायचे असेल, तर दिवसाउजेडी टॅक्सीने रित्सुउन्क्योच्या वाहनतळापर्यंत जावे. तेथून जवळचे तिसऱ्या क्रमांकाचे प्रेक्षणस्थान सर्वांत कमी चढाचे आहे. तरीही वाट ओली असल्यास तेवढाही मोह टाळावा आणि वाहनतळावरूनच जे दिसेल ते पाहून परतावे.